अँटेनाच्या खांबावरची गुढी

चैत्र संपत आलेला, रविवार, सकाळी अकराची वेळ. रक्कम पाच लाख रुपये, चेकने. हजर माणसं चार: मी, माझी बायको वैशाली, घर विकणारा बिट्टू आणि व्यवहार जुळवून देणारा प्रॉपर्टी डीलर. आपल्याकडे ज्याला विसार म्हणतात त्याला इथे, पंजाबी मुलखात, बयाना म्हणतात. डीलरने चेक दोन्ही हातांनी बिट्टूकडे दिला आणि आम्हाला इथला रिवाज समजावून सांगितला. घेणारा मागे हटला तर बयाना बुडतो. विकणारा मागे हटला तर तो दुप्पट परत करतो. "पर यहाँ तो घर की बात है जी," असंही म्हणाला आणि बर्फीचा डबा उघडला.

घराचीच गोष्ट होती. पाच मरल्यांचं, म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे चौरस वारांचं, दुमजली, पिवळ्या विटांचं ते घर सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळाच्या पलीकडे आहे. माझं वय सात ते बारा असताना आम्ही तिथे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. तेव्हा ते इस्पितळ नव्हतं. तिथे उंच गवत होतं आणि पावसाळ्यानंतर त्यातून टिटव्या ओरडायच्या. वडील, म्हणजे नाना, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही आलो होतो. आता मीही केंद्राच्याच नोकरीत, बदलीवर इथे आलेला, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. पुण्याचा फ्लॅट विकायचा आणि हे घर घ्यायचं, असा माझा हिशेब होता. वैशाली म्हणाली होती, "सगळे लोक म्हातारपणी पुण्याला येतात, तुम्ही उलटे निघालात." पण तिने आकडे पाहिले आणि ती तयार झाली. बिट्टूला मुलाकडे कॅनडाला जायचं होतं. त्याचा थोरला भाऊ हरजीत, ज्याला आम्ही मुलं वीरजी म्हणायचो, तिथे कधीचाच गेलेला. घर दोघांच्या नावावर होतं.

चेक दिल्यावर मी टेप घेऊन खोल्या मोजत फिरलो. जिना चढताना हात आपोआप भिंतीकडे गेला. तिथे पूर्वी एक खिळा होता आणि त्यावर बीजींची दह्याची रवी टांगलेली असायची. बीजी म्हणजे बिट्टूची आई. खिळा गेला होता. जिन्याला मात्र तोच वास होता, मोहरीच्या तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा. इतक्या वर्षांत रंगाचे किती हात झाले असतील, पण वास खालून वर आलाच.

बीजींचा तंदूर मागच्या अंगणात जमिनीत पुरलेला होता. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतल्या बायका आपापल्या कणकेच्या पराती घेऊन यायच्या. आईही जायची. सुरुवातीला ती घडीच्या पोळ्यांची मऊ कणीक घेऊन गेली, आणि ती तंदुराच्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडली. बायका पदराआड, म्हणजे चुन्नीआड, हसल्या. बीजी हसल्या नाहीत. त्यांनी आईची परात ओढून घेतली, कोरडं पीठ घातलं आणि मुठीने कणीक तिंबून दिली. पुढे आईच्या रोट्या इतक्या छान होऊ लागल्या की साताऱ्याला गेल्यावर तिला चूल पाहिली की चुकल्यासारखं व्हायचं. आई पुरणपोळी खाली पाठवायची. बीजी तिला मिठ्ठी रोटी म्हणायच्या आणि तिच्याबरोबर आंब्याचं लोणचं खायच्या. आम्ही मुलं ते पाहून तोंड वाकडं करायचो.

उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारलं की तापलेल्या विटांतून वाफ यायची, आणि तिच्यात मातीचा आणि चुन्याचा वास असायचा. मग बाजा मांडायच्या. मधे एक टेबलफॅन, त्याची मान फिरेल तशी ज्याच्याकडे हवा जाईल तो दोन सेकंद राजा. बिट्टू आणि मी एकाच बाजेवर. थंडीत त्याच गच्चीवर रजया वाळत पडायच्या, आणि आम्ही शेंगदाणे खाऊन टरफलं त्यांच्या घड्यांत लपवायचो. बिट्टू मला 'मराठे' म्हणायचा. "ओए मराठे, पतंग पकड." शाळेत मला नाव होतं, पण गल्लीत नव्हतं.

वीरजी आमच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. कॉलेजात जायचे. रविवारी केस धुऊन अंगणात उन्हात बसायचे. कमरेपर्यंत केस, आणि बीजी लाकडी कंगव्याने विंचरायच्या. ते पुस्तक वाचत असायचे आणि आम्ही आजूबाजूला लोळत असायचो. त्यांनी मला सायकल शिकवली. सायकल सोडताना ते सांगायचे नाहीत. आपण बोलत राहायचो, आणि त्यांचा आवाज मागे लांबून यायला लागला की कळायचं, आपण एकटेच चाललोय.

बीजींचं माहेरचं गाव या शहराखाली होतं. हे त्या अगदी सहज सांगायच्या. शहर बांधायला सरकारने गावं घेतली, त्यात त्यांच्या वडिलांचंही गेलं. बाजारात जाताना रस्त्याच्या मधल्या हिरवळीत एक जुना आंबा लागायचा. बीजी रिक्षातून त्याला हात जोडायच्या. "हमारे खेत का है," म्हणायच्या. मला ते फार गंमतीचं वाटायचं, की एखाद्याचं शेत असं सरळ रेषेतल्या रस्त्याखाली झोपलेलं असावं. मला हे शहर आवडायचं ते त्याच्या आकड्यांमुळे. सेक्टर, फेज, घर नंबर. जात, गाव, आडनाव काही विचारायचं नाही, नंबर सांगायचा आणि पोचायचं. हे शहर कुणाचंच नाही, म्हणून ते आमचंही आहे, असं मी मोठेपणी लोकांना सांगत आलो. पुण्याला मेहुणे 'बाहेरचे लोक फार झालेत' असं म्हणायला लागले की मी थोडा वेळ मान हलवायचो आणि मग हे सांगायचो.

त्या रविवारी टेप घेऊन मी गच्चीवर पोचलो तेव्हा मागून वैशाली, डीलर आणि बिट्टू चहाचे कप घेऊन आले. कोपऱ्यात सिमेंटचा एक चौकोनी ओटा होता आणि त्यात गंजलेला बोल्ट. टीव्हीच्या अँटेनाचा खांब तिथे असायचा. मला इतका आनंद झाला की आमच्या घरातली जुनी गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. दर पाडव्याला आमच्याकडे ती सांगतातच. आधी आई सांगायची, ती गेल्यावर मी सांगतो.

गोष्ट अशी. त्या वर्षी पाडव्याला नानांना बांबू मिळाला नाही. शहरात तेव्हा वातावरण तंग होतं, दुकानं लवकर बंद व्हायची, टिंबर मार्केटकडे जायला ते तयार नव्हते. नाना म्हणाले, खांब तर आहे. त्यांनी अँटेनाच्या खांबालाच गुढी बांधली. साताऱ्याला गुढी खिडकीशी नाहीतर दाराशी असते, इथे ती सगळ्या गल्लीच्या वर गेली. आईने तिला त्या वर्षीची नवी कोरी रेशमी साडी नेसवली. साडी केशरी होती. साताऱ्याहून पार्सलने आलेली साखरेची गाठी वाटेत मोडली होती, ती दोऱ्याने सांधून वर चढवली. वर तांब्या उपडा. चैत्राचा वारा सुटला आणि साडी फडफडायला लागली.

त्या दिवसांत इथे उंच खांबावर केशरी कापड म्हणजे वेगळा देश मागणाऱ्यांचा झेंडा, हे आम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तासाभरात गल्लीत गाडी थांबली. वर्दीतली पाच-सहा माणसं बंदुका घेऊन थेट गच्चीवर. त्यांच्या साहेबाने विचारलं, "ये किसने लगाया?" नाना सोवळ्यात होते. ते शांतपणे आत गेले आणि आपलं ओळखपत्र घेऊन आले. त्यावर तीन सिंहांचा शिक्का. साहेबाने ते पाहिलं, गुढीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हमारे यहाँ भी आज नया साल है." तो आंध्रातला होता. त्याने टाचा जुळवून नानांना सलाम केला, पण नाना गुढीसमोर उभे असल्यामुळे तो सलाम गुढीलाच केल्यासारखा दिसला. आईने सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. कडुलिंबाचा पाला, गूळ, ओवा. बंदूकवाल्या एका जवानाने तो चावला, आणि त्याचा चेहरा असा झाला की आई पुढे आयुष्यभर त्याची नक्कल करायची.

मीही केली. डीलर पोट धरून हसला. वैशालीने ही गोष्ट पन्नास वेळा ऐकलेली, तीही हसली. बिट्टू कठड्याला टेकून उभा होता. तो म्हणाला, "चाय ठंडी हो रही है," आणि खाली गेला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. नंतर एका संध्याकाळी तो आमच्या सरकारी क्वार्टरवर आला. वैशालीने पाणी दिलं, तो प्यायला आणि ग्लास हातातच धरून बसला.

"मराठे, घर नहीं हो पाएगा."

मला वाटलं, किमतीचं काही असेल. मी म्हटलं, आकडा सांग, बसून बोलू.

"पैसों की बात नहीं है. वीरजी साइन नहीं करेंगे."

"त्यांना कळलंय ना, घेणारा मी आहे?"

"इसीलिए नहीं करेंगे."

मी वैशालीकडे पाहिलं. ती उभीच राहिली होती. बिट्टू सावकाश बोलत होता, मधेच पंजाबी, मधेच हिंदी. बयान्यानंतर त्याने वीरजींना फोनवर घेणाऱ्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, घेऊ दे, खूप वर्षं झाली. फोन ठेवण्याआधी त्यांनी एकच विचारलं, त्या लोकांना तो दिवस आठवतो का.

"मैं झूठ नहीं बोला यार. मैंने कहा, याद है. हँस के सुनाते हैं."

"कोणता दिवस?" मी विचारलं.

बिट्टूने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच प्रश्न परत ऐकू आला.

"तुझे नहीं पता?"

मग त्याने सांगितलं. वर्दीतली माणसं सलाम करून जिना उतरली तेव्हा अंगणात वीरजी केस वाळवत बसले होते. सुट्टीचा दिवस होता. केस ओले, हातात पुस्तक. गाडी आली होती, गल्ली दारांमागून बघत होती, आणि त्या माणसांना रिकामं परत जायचं नव्हतं. झेंडा वरच्यांचा निघाला, पण घर तर खालच्यांचं होतं. साहेबाने विचारलं, कॉलेजात जातोस का? वीरजी हो म्हणाले. बीजी कंगवा हातात घेऊन फाटकापर्यंत धावल्या. आम्ही तेव्हा वर श्रीखंड खात असणार. खालून कुणी जेवायला आलं नाही, म्हणून आईने दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एवढं मला आठवतं.

वीरजी परत आले तेव्हा गहू कापून झाला होता. हे मला आठवतं, पण वेगळं आठवतं. वीरजी मामाकडे गेलेत, असं आम्हाला सांगितलं होतं. तिथे त्यांना टायफॉइड झाला. म्हणून ते बारीक झाले, म्हणून भर वैशाखात लोकरीची टोपी घालून बसायचे, म्हणून टोपीखाली केस नव्हते. टायफॉइडमध्ये केस जातात, हे मी तेव्हा शिकलो, आणि आजवर खरं मानत होतो. ते मला सायकलवर न्यायचे थांबले तेही आजारपणामुळेच. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"मुझे लगा तू जानता है," बिट्टू म्हणाला. "मुझे लगा हम दोनों जानते हैं, और दोनों ने बात रख दी है. इसीलिए तो मैं तुझसे मिलता रहा."

वैशाली म्हणाली, "भाईसाहब, पर हम लोग तो खुद बाहर के थे. हम दिल्लीवाले थोड़ी हैं."

"भाभीजी, आप जहाँ के भी हो. कार्ड किसका था?" तो चिडून बोलत नव्हता. "हमारी ज़मीन पे शहर बना, शहर दिल्ली का हो गया. हमारे आँगन में पुलिस आई, ऊपर सलाम हुआ, नीचे से लड़का गया. वीरजी उस दिन तक पॉलिटिक्स की बात भी नहीं करते थे. आज वहाँ बैठ के कहते हैं, वो देश मेरा नहीं. मैं उनसे लड़ता हूँ. कहता हूँ, मैं तो यहीं रहा, यहीं वोट डाला, किसानों के साथ ट्रॉली में बैठ के दिल्ली के बॉर्डर पे धरना भी दिया. वो कहते हैं, ठीक है, तेरा होगा."

शहर कुणाचंच नाही, हे माझं वाक्य त्याने कधी ऐकलं असेल का, हे मी आठवू लागलो. ऐकलंच होतं. याच खोलीत, मागच्या दिवाळीला. त्यावर तेव्हा तो म्हणाला होता, "हाँ जी, बिल्कुल," आणि काजू उचलला होता.

तो गेल्यावर मी साताऱ्याला फोन लावला. नाना ब्याऐंशीचे आहेत, कान शाबूत आहेत.

"नाना, ती माणसं खाली उतरल्यावर काय झालं?"

"कोण माणसं?"

"गुढीच्या दिवशी."

टीव्हीचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"हरजीतला नेलं," नाना म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खिडकीतून दिसलं."

"मग?"

"मग काय? चौकशी करून सोडतील असं वाटलं. सोडलं ना."

"नाना, तुमच्याकडे कार्ड होतं."

"कार्ड माझं होतं रे. त्याच्यावर माझा फोटो होता." नाना पुढे म्हणाले, "संध्याकाळी त्याचा बाप वर आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, साहेब, तुमचं ऐकतात, एक शब्द टाका. मी म्हटलं, माझं खातं हिशेबाचं. ते खोटं नव्हतं."

"आणि टायफॉइड?"

"ते मीच सांगितलं. तुझी आई सारखी खाली जायची. तिला सोसलं नसतं."

"ती दर पाडव्याला हसत सांगायची. तुम्ही समोर बसून हसायचात."

"मी हसायचो का?" नानांनी विचारलं. मला खरंच आठवेना. ते पानावर बसलेले दिसत होते, वाटी डाव्या हाताने धरलेली, पण चेहरा दिसत नव्हता. "आम्ही परक्या मुलखात होतो," ते म्हणाले. "तू दहा वर्षांचा. मला तुम्हाला सांभाळायचं होतं. तू माझ्या जागी काय केलं असतंस ते सांग, आणि मग मला विचार."

माझ्याही खिशात तसंच एक कार्ड आहे. बॅरिकेडवर ते दाखवलं की गाडी पुढे जाते, आणि मागच्याची का थांबली ते मी कधी आरशात पाहिलेलं नाही.

त्या रात्री आणि पुढेही बरेच दिवस मी आमचं तिथलं राहणं मनात पुन्हा लावून पाहत होतो, जसा एखादा ताळेबंद चुकल्यावर पहिल्या नोंदीपासून बघतात. पाडव्यानंतर आई तंदुरावर जायची तेव्हा बायका तिला जागा करून द्यायच्या. आम्हाला तो मान वाटायचा. बीजींनी आमच्याकडच्या पुरणपोळीच्या ताटात परत काही घालून पाठवणं थांबवलं. आम्ही म्हणालो, थकल्या. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघंच गच्चीवर झोपलो. खालच्यांनी अंगणात बाजा टाकल्या, आणि आई म्हणाली, बरं झालं, वर मोकळं झालं. टेबलफॅन आता फिरवायचा नसे. तो आमच्याकडे तोंड करून सारखा चालू असायचा. मला ती हवा अजून अंगावर आठवते, किती सुखाची होती.

बीजी आणि बिट्टूचे वडील दारजी, दोघंही आता नाहीत. निघताना, म्हणजे आमची पुढची बदली झाली तेव्हा, बीजींनी आईला मिठी मारली होती. हे नक्की आठवतं. ती मिठी मी कुठे लिहू, तेच कळत नाही.

ज्येष्ठाच्या पहिल्या शनिवारी बिट्टू पुन्हा आला. बरोबर डीलर नव्हता. त्याने दोन चेक टेबलावर ठेवले, पाच-पाच लाखांचे, आणि एक कागद, की व्यवहार रद्द झाला आणि रक्कम पोचली.

मी एक चेक उचलला आणि दुसरा त्याच्याकडे सरकवला. "हा नको. हा रिवाज परक्यांसाठी असतो."

"वीरजी ने भेजे हैं. कहते हैं, रिवाज है तो पूरा. एक पैसा कम नहीं."

"बिट्टू, मी हे कसे घेऊ? उलट मीच..."

"क्या तू ही? क्या देगा तू?" तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला, मग वैशालीकडे वळला. "माफ करना भाभीजी." त्याने पगडीच्या कडेखाली बोट फिरवलं. "देख, नहीं लेगा तो मुझे उन्हें बताना पड़ेगा कि मराठों ने छोड़ दिए. दिल बड़ा करके छोड़ दिए. उन्हें वो नहीं सुनना. मेरे बाप ने एक बार तेरे बाप से कुछ माँगा था. आज मैं तुझसे माँग रहा हूँ, बस इतना. ले ले."

वैशाली हळूच म्हणाली, "अहो, घ्या."

मी दुसरा चेकही घेतला. कागद दोनदा वाचला, कारण मी सगळे कागद दोनदा वाचतो, आणि सही केली. बिट्टूने खाली साक्षीदार म्हणून वैशालीची सही घेतली. चहा नको म्हणाला. बयान्याचे पाच लाख आणि माघारीचे पाच लाख, एकूण रुपये दहा लाख, हरजीत सिंग यांच्याकडून, धाकट्या भावाच्या हस्ते, मला पूर्ण मिळाले.